आजीचा पाचवा वाटा

पानशेतच्या पुरात आमचा छापखाना गेला. १२ जुलै १९६१ला सकाळी धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासल्याचंही, आणि नारायण पेठेत नदीकाठी आजोबांनी, म्हणजे आबांनी, उभं केलेलं सगळं गाळाखाली गेलं. ज्यांची माणसं गेली त्यांच्यापुढे आपलं काहीच नाही, असं आबा म्हणत. पण आम्ही भावंडं वाढलो ती त्या गाळाच्या गोष्टीवरच. ट्रेडलच्या चाकात घट्ट बसलेली माती, केसच्या एकेका घरात साचलेला चिखल, आणि बादलीत धुतलेले शिशाचे खिळे अक्षरवार वेगळे करत बसलेल्या आजी नि आत्या. आमच्यातल्या कुणीही हे पाहिलेलं नाही, तरी प्रत्येकाला ते आठवतं. शेवटी ते खिळे वजनावर विकले.

पुढे सहकारनगरात पूरग्रस्तांच्या सोसायट्या झाल्या, तिथे आम्हाला घर मिळालं. घराबरोबर आबांचा नियमही आला: मुलांनी नोकरी धरायची. बाबा एलआयसीत लागले, मोठे काका पोस्टात, आत्या शाळेत. महिन्याच्या सुरुवातीला पगाराची पाकिटं आजीच्या हातात पडत. ती देवापुढे ठेवून हळदकुंकू वाही आणि मग वाणी, दूध, शाळेची फी, औषधपाणी असे चार वाटे पाडी. धाकटे काका पिंपरीच्या एका मोठ्या कारखान्यात टूलरूमला होते. न्यायला-आणायला कंपनीची बस, कँटीन, पीएफ, दिवाळीला बोनस. चारही मुलांत त्यांचं सगळ्यात चांगलं झालं, असं आबा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत.

१९७७ साली काकांनी ती नोकरी सोडली आणि भोसरीच्या एमआयडीसीत एक गाळा भाड्याने घेतला.

तेव्हा असं करणारे ते एकटे नव्हते. टेल्को, बजाज ऑटो, बजाज टेम्पो असे कारखाने पिंपरी-आकुर्डीच्या पट्ट्यात आले होते, आणि लागणारे बुश, पिना, ब्रॅकेट असे सुटे भाग बाहेरून करून घेण्याची रीत पडली होती. १९६९ला १४ बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं, त्यात पुण्याची बँक ऑफ महाराष्ट्रही होती. त्यानंतर लघुउद्योगाला कर्ज देणं हे बँकांचं एक कामच ठरलं. टूलरूममध्ये हात बसलेली कितीतरी माणसं एकेक जुना लेथ घेऊन भोसरीत बसली. आमच्या घरात मात्र एवढंच दिसत होतं की कंपनीची बस कोपऱ्यावर येऊन थांबते आणि काका तिच्यात चढत नाहीत.

काय काय ऐकून घेतलं असेल त्यांनी! आबा कर्जाला जामीन राहिले नाहीत. ‘माझं एकदा वाहून गेलंय’ एवढंच म्हणाले आणि पुन्हा त्या विषयावर बोलले नाहीत. सही शेवटी आत्याच्या यजमानांनी केली. मार्जिन मनीसाठी काकूच्या पाटल्या गहाण पडल्या. लग्नकार्यात कुणी ना कुणी विचारायचंच, ‘पगार किती पडतो आता?’ पगार नाही म्हटलं की पुढचा प्रश्न, ‘मग घरात काय देतोस?’ भोसरीत वीज गुरुवारी बंद असायची, म्हणून कारखान्यांची सुट्टीही गुरुवारी. त्यामुळे काका आठवड्याच्या मधल्या वारी घरी असत, आणि रविवारी सगळं घर जेवून लवंडलेलं असताना लुना काढून निघत. गुरुवारी गॅलरीत उभा राहिलेला धडधाकट माणूस शेजारपाजारच्यांच्या लेखी बेकार होता. तसं त्यांच्या तोंडावरही बोललं गेलं.

आबांच्या खोलीत किर्लोस्कर मासिकाचे जुने अंक बांधून ठेवलेले होते. मुंबईच्या व्हीजेटीआयमधली शिकवण्याची नोकरी सोडून बेळगावात सायकलचं दुकान काढणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर, लोखंडी नांगराने जमीन विषारी होते म्हणून तो नाकारणारे शेतकरी, १९१०मध्ये औंध संस्थानच्या माळावर वसलेली किर्लोस्करवाडी, हे सगळं आम्हाला आबांनीच सांगितलं. सांगताना त्यांचा आवाज बदलायचा. मराठी घरांत उद्योजकाबद्दल आदर कमी होता हे आम्हाला कधीच पटलं नाही. आदर भरपूर होता. आपल्या ताटातलं जेवण त्याच्या हिशेबावर अवलंबून नसावं, एवढीच इच्छा होती, आणि पूर पाहिलेल्या घराला ती इच्छा असणं अगदी रास्त होतं.

काकांच्या कामाशी आमची ओळख झाली ती कानशीने. लुनाच्या पायाजवळच्या जागेत पोतं ठेवून ते तयार बुश घरी आणत. गॅलरीत वर्तमानपत्र पसरून आम्ही सात भावंडं गोल बसायचो. अर्धगोल कानस आतल्या कडेवरून हलकेच फिरवून बर, म्हणजे कापताना राहिलेला कंगोरा, काढायची, रॉकेलच्या फडक्याने पुसायचं आणि गेज घालून बघायचं. गेजचं एक टोक सहज आत गेलं पाहिजे, दुसरं आत जाताच कामा नये. दोन टोकांत फरक मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत मोजण्याएवढा, डोळ्याला मुळीच न दिसणारा. दुसरं टोक आत गेलं की तो नग बाजूला. आमच्यातला सगळ्यात धाकटा एकदा म्हणाला, ‘थोडंसंच तर गेलं.’ काकांनी त्याला तो बुश हातात देऊन सांगितलं, ‘हा ज्या पंपात बसेल तो एखाद्याच्या विहिरीवर असेल, आणि ऐन उन्हाळ्यात बंद पडेल.’ नंतर दहा-दहाच्या पुड्या बांधून मोजदाद काकू करायची. चलान बुकात कार्बन घालून लिहायचं, बिलाच्या तारखा लक्षात ठेवायच्या, दोन घरं सोडून असलेल्या फोनवरून पार्टीकडे तगादा लावायचा, हे सगळं तिच्याकडे. पैसे नव्वद दिवसांनी मिळायचे, तेही बोलीवर.

एका दिवाळीच्या तोंडावर मोठ्या गिऱ्हाइकाने सबंध लॉट परत पाठवला. ड्रॉइंग मध्येच बदललं होतं आणि ते काकांना कळवलं नव्हतं. मागची बिलंही अडकली. बँकेचा हप्ता, गाळ्याचं भाडं, दोन कारागिरांचा बोनस, सगळं एकदम अंगावर आलं. काका कारागिरांना पैसे देऊन घरी आले आणि आजीला म्हणाले, ‘या महिन्यात माझ्याकडून काही नाही.’

आजीला धंद्यातलं काही समजत नसे आणि समजल्याचा आवही ती आणत नसे. पुढच्या महिन्यात पाकिटं आली तशी तिने देवापुढे ठेवली, चार वाटे पाडले आणि शेजारी पाचवा पाडला. ‘हा भोसरीचा.’ बाबांनी, मोठ्या काकांनी, आत्याने, कुणीच काही विचारलं नाही. मोठे काका तर धंद्याच्या कट्टर विरोधात होते. त्यांची नाराजी आणि त्यांचे पैसे दोन्ही नेमाने येत राहिले. तो वाटा पुढे कितीतरी महिने पडत होता. काकांच्या कारखान्याचं भांडवल बँकेने दिलं असं कागदावर आहे. आमच्या मते ते एलआयसी, पोस्ट आणि शाळेच्या पगारातून आलं. ज्या नोकऱ्यांचा दाखला देऊन काकांना बोल लावले जात, त्याच नोकऱ्यांनी त्यांचा लेथ चालू ठेवला. हे त्यांनी स्वतः आम्हाला अनेकदा सांगितलं, आणि सांगताना त्यांना संकोच वाटला नाही.

आबा भोसरीला पहिल्यांदा आले ते एका खंडेनवमीला. लेथला झेंडूची माळ, चकवर कुंकू, खाली लोखंडाचा निळसर कुरळा कीस झाडून एका कोपऱ्यात केलेला. आबांनी मशीनला नमस्कार केला, ट्रेमधला एक बुश उचलला, अंगठ्याचं नख आतल्या कडेवरून फिरवलं आणि म्हणाले, ‘इथे बर राहिलीय.’ खिळ्याची उंची ०.९१८ इंच, त्यात केसाएवढा फरक पडला तरी अक्षर कागदात रुततं किंवा उमटतच नाही, आणि मग खाली पातळ कागदाचा तुकडा चिकटवून ते सारखं करावं लागतं, हे ते काकांना सांगत बसले. बापलेकांचं इतकं लांब बोलणं आम्ही पहिल्यांदाच ऐकलं. धंद्याबद्दलचं त्यांचं मत त्यानंतरही बदललं नाही. फक्त गुरुवारी आमच्यात बसून ते एक कानस हातात घेऊ लागले.

काका आता नाहीत. कारखाना त्यांचा मुलगा चालवतो. लेथ जाऊन सीएनसी आली आहेत. थकलेल्या बिलांसाठी १९९३मध्ये व्याजाचा कायदा झाला, २००६च्या कायद्याने ४५ दिवसांची मर्यादा घातली, तरी तगादा संपलेला नाही.

मागच्या पाडव्याला आम्ही सगळे जमलो होतो तेव्हा आमच्या पुतणीने सांगितलं की तिने हिंजवडीची नोकरी सोडलीय. ठिबकच्या कंपन्यांसाठी जमिनीतला ओलावा मोजणारं यंत्र ती करणार आहे. कुणीतरी पॅकेज किती होतं ते विचारलं. काकूने वाटीतलं श्रीखंड संपवलं आणि विचारलं, ‘पहिलं बिल कुणाच्या नावाने फाडणार? आणि तो किती दिवसांनी पैसे देतो?’

पुतणीला पहिल्याचं उत्तर माहीत होतं, दुसऱ्याचं नव्हतं.

‘उद्यम नोंदणी केलीस?’

‘अजून नाही.’

‘आज कर. आणि मुदत लेखी घे, फोनवरची बोली नको.’

तिने ताटाशेजारीच लॅपटॉप उघडला. आधारचा नंबर घालेपर्यंत आमच्यातल्या चौघांनी पुढचं वर्षभर तिच्या घरभाड्याला दरमहा कोण किती देणार ते ठरवून टाकलं होतं.