निमित्त

निवृत्त माणसाचे करायचे काय, हा प्रश्न त्याच्यापेक्षा त्याच्या घरच्यांना अधिक छळतो. मी शिरूरला एकटा राहणारा; चिरंजीव रेल्वेच्या नोकरीमुळे दौंडला. “बाबा, आता कायमचे इकडेच या,” असे सूनबाई दोन वर्षे म्हणत होती. शेवटी गेल्या पावसाळ्यात बाडबिस्तरा बांधला आणि न्हावऱ्यावरून, पारगावच्या पुलावर भीमा ओलांडून दौंडला दाखल झालो.

घरात पाऊल टाकताच नातवाने हाताला धरून मला एका काचेच्या पेटीपुढे नेले. आत आठदहा मासे तोंडे उघडत-मिटत फिरत होते. “आजोबा, सकाळी मी शाळेत असतो. खाणं तुम्ही घालायचं.” चला, निवृत्तीनंतरची पहिली नोकरी मिळाली! खाणे म्हणजे डबीतल्या, वाळवलेल्या लाल अळ्यांच्या लहान लहान वड्या. दुकानात त्यांना ‘ब्लडवर्म’ म्हणतात. वडी बोटांत चुरायची आणि पाण्यावर भुरभुरायची. मासे धावत वर येत आणि मला अन्नदात्याचा थाट चढे.

आठवड्याभरात शिंका सुरू झाल्या. डोळे चुरचुरू लागले, पापण्या सुजल्या, बोटांच्या बेचक्यांत गांधी उठल्या. सूनबाईने हळद-दूध दिले, उशांचे अभ्रे उकळून काढले, फोडणीतली मिरचीसुद्धा बंद केली. गुण नाही. मग पेन्शनच्या कामासाठी चार दिवस शिरूरला गेलो, तर चमत्कार! एक शिंक नाही. परत आलो, की पुन्हा तेच. असे तीनदा झाल्यावर मी निदान जाहीर करून टाकले : “दौंडची हवा मला मानवत नाही.”

सूनबाई काही बोलली नाही. रात्री मात्र स्वयंपाकघरातून तिचा दबका आवाज कानांवर आला : “बाबांना इथं राहायचंच नाही. हवा हे नुसतं निमित्त.”

ते शब्द मला लागले. कारण ते अगदीच खोटे नव्हते. ही गेल्यापासून शिरूरच्या त्या दोन खोल्यांत माझा जीव अडकून पडला आहे. हवेचे कारण सापडले तेव्हा मनातल्या मनात मला हायसेच वाटले होते. दुसऱ्या दिवशी मी एस.टी. धरली. सूनबाईने वाकून नमस्कार केला, पण “परत कधी येणार?” हे विचारले नाही.

उन्हाळ्याच्या सुट्टीत नातू शिरूरला आला, तो हातात बरणी घेऊन. बरणीत दोन मासे. “तुम्हांला करमावं म्हणून आणले!” खिशात ती डबीही होती. मी आनंदाने वड्या चुरल्या. तिसऱ्या रात्री छातीतून शिट्ट्यांसारखा आवाज येऊ लागला, श्वास पुरेना. शेजाऱ्यांनी दवाखान्यात नेले. श्वास जागेवर आल्यावर डॉक्टरांनी विचारले, “या दोनतीन दिवसांत हातांनी नवं असं काय केलंत?”

मी विचारात पडलो. उत्तर नातवाने दिले. खिशातून त्याने डबी काढली.

ही अळी न चावणाऱ्या, डासासारख्या दिसणाऱ्या चिलटांची. चिखलात, प्राणवायू कमी असलेल्या पाण्यात ती राहते, म्हणून तिच्या अंगात आपल्यासारखेच हिमोग्लोबिन असते. तिचा लाल रंग त्याचाच. ते काही जणांच्या शरीराला शत्रू वाटते, हे १९८० च्या दशकात जर्मनीतल्या संशोधकांनी दाखवून दिले. वाळलेली वडी चुरली की तिची धूळ बोटांना लागते, डोळ्यांत जाते, श्वासाबरोबर छातीत उतरते. पुण्यात त्वचेवर टोचून चाचणी केली, तेव्हा माझ्या हातावर गांध उठून खात्रीच पटली.

डॉक्टर पुढे म्हणाले, सुदानमध्ये नाईलकाठी याच कुळातल्या चिलटांचे थवे उठतात आणि लोकांना दमा जडतो. तिथे त्या चिलटांना ‘निमित्ती’ म्हणतात. तो शब्द ऐकून मी चपापलो. २०२४ च्या फेब्रुवारीत पुण्यात केशवनगर-खराडीकडे नदीवर जे थवे दिसले, तीही याच जातीची चिलटे असल्याचे जाणकारांनी सांगितले होते. तेच मुळा-मुठेचे पाणी पुढे रांजणगाव सांडसजवळ भीमेला मिळते. मी मात्र बिचाऱ्या दौंडच्या हवेला बोल लावून मोकळा झालो होतो!

नातवाचे तोंड एवढेसे झाले. “माझ्यामुळं झालं. मासे देऊन टाकतो.” मी त्याला जवळ घेतले. माशांचा यात काय दोष? ती डबी घरातून गेली. आता डबीवरचे घटक वाचून, अळ्या नसलेल्या दाण्यांचे खाणे आणतो; तेही नातूच चमच्याने घालतो. पेटीभोवतीची धूळ सूनबाई ओल्या फडक्याने पुसते. मी लांबून पाहतो. अन्नदात्याचा हुद्दा गेला, निरीक्षकाचा मिळाला.

ही दिवाळी दौंडला. नरक चतुर्दशीला पहाटे सूनबाईने उटणे पुढे केले आणि हळूच विचारले, “बाबा, आता कुठलं निमित्त काढणार?”

मी म्हटले, “शिरूरचं घर महिन्यातून एकदा झाडायला हवं. एवढं एक राहू दे.”

ती हसली. म्हणाली, “झाडायला मीही येईन.”