मेघदूत आणि मोटारसायकल

उत्तरेकडच्या प्रवासाची योजना कशी आखावी, हे ज्याला शिकायचे असेल त्याने ‘मेघदूत’ वाचावे. हे मी मराठीचा प्राध्यापक म्हणून सांगत नाही. येत्या उन्हाळ्यात भंडाऱ्याहून मोटारसायकलने निघून लडाखात खारदुंगला खिंडीपर्यंत जाण्याचा बेत करून बसलेला एक सेहेचाळीस वर्षांचा संसारी गृहस्थ म्हणून सांगतो आहे.

‘मेघदूत’ हे विरहकाव्य, असे आपण विद्यार्थिदशेपासून ऐकत आलो. पण त्यातला पूर्वमेघ पाहा. तो जवळजवळ सगळा वाट सांगण्यात खर्ची पडला आहे. आधी आम्रकूट लागेल, मग विंध्याच्या पायथ्याशी रेवा, म्हणजे आपली नर्मदा. पुढे वेत्रवतीच्या काठी विदिशा. वाट जरा वाकडी होईल, तरी उज्जयिनी चुकवू नकोस. मग चर्मण्वती, कुरुक्षेत्र, कनखल आणि अखेर कैलासावरची अलका. दमलास तर डोंगरमाथ्यावर टेक, रिता झालास तर नद्यांचे पाणी पी, हेही यक्ष मेघाला बजावतो. मुक्काम कुठे करायचा, टाकी कुठे भरायची आणि काय पाहिल्यावाचून पुढे जायचे नाही. प्रवासाच्या योजनेत याहून आणखी असते तरी काय?

शिवाय हा यक्ष आमच्या शेजारचा. त्याचा रामगिरी म्हणजे आमचे रामटेक, हे मत महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी साधार मांडले. दुसरीही मते आहेत. पण रामटेकपासून पन्नासेक किलोमीटरवर राहणाऱ्या माणसाने ती फारशी मनावर घेऊ नयेत. योगायोग असा की श्रीनगरपासून कन्याकुमारीपर्यंत जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४४, जो देशातला सर्वांत लांब महामार्ग, तो रामटेकजवळ मनसरवरूनच जातो. म्हणजे मी माझ्या वाटेला लागणार तो यक्षाच्या टेकडीच्या पायथ्याशी. तिथून सिवनी, सागर, झाशी, ग्वाल्हेर, आग्रा, दिल्ली, जालंधर, जम्मू आणि श्रीनगर. नर्मदा मी ओलांडणार, चंबळ ओलांडणार, कुरुक्षेत्रावरून जाणार. मेघाची आणि माझी फारकत होते ती त्यानंतर. तो कनखलकडे वळतो, मी पंजाबात शिरतो. श्रीनगरहून जोझीला ओलांडून कारगिल आणि लेह. भंडाऱ्यापासून लेहपर्यंतची ही वाट अडीच हजार किलोमीटरच्या घरात जाते.

यक्षाची उज्जयिनी तशी माझी एक वाकडी वाट आहे. ती म्हणजे गुरदासपूर जिल्ह्यातले घुमान. संत नामदेव उत्तरेत गेले आणि तिथे राहिले. त्यांची ६१ पदे शिखांच्या गुरु ग्रंथसाहिबात आहेत. २०१५ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन घुमानला भरले, तेव्हा मला जमले नव्हते. जालंधरला महामार्ग सोडायचा, घुमानला एक रात्र काढायची आणि पठाणकोटला पुन्हा मूळ वाट धरायची, असे ठरवले आहे. पंढरपूर सोडून इतक्या दूर गेलेल्या माणसाचे गाव पाहिल्यावाचून मराठी शिकवणाऱ्याने हिमालय पाहणे काही बरे दिसत नाही.

मेघाचे एक बरे होते. त्याला आषाढ मिळाला. मी आषाढाची वाट पाहिली, तर कॉलेज उघडते. आम्हा प्राध्यापकांच्या सुट्ट्या आणि हिमालयातल्या खिंडी यांचे काही पूर्वजन्मीचे वैर असावे. दिवाळीच्या सुट्टीत निघावे, तर तिकडे बर्फ सुरू होऊ पाहते. उन्हाळ्यात निघावे, तर मनालीकडचा बारालाचा मे सरता सरता, एखाद्या वर्षी जूनमध्ये मोकळा होतो. श्रीनगरकडचा जोझीला मात्र अलीकडे त्याच्या बऱ्याच आधी खुला करतात. म्हणून जाताना श्रीनगर आणि येताना मनाली, असा सुवर्णमध्य काढला. बर्फ उपसून हे रस्ते मोकळे करणारी सीमा सडक संघटना १९६० साली स्थापन झाली. दर वर्षी माणसांनी नव्याने उघडावी लागणारी वाट, ही गोष्टच आम्हा मैदानी लोकांना नवलाची. आमच्याकडे रस्ता बंद होतो तो वैनगंगेला पूर आला म्हणजे.

दुसरी अडचण हवेची. भंडारा समुद्रसपाटीपासून जेमतेम अडीचशे मीटर उंच. लेह साडेतीन हजार मीटर आणि खारदुंगला ५,३५९ मीटर. त्या खिंडीत हवेचा दाब समुद्रकाठच्या मानाने जवळजवळ निम्मा. तिथे माणूस तर धापा टाकतोच, पण कार्बोरेटरवर चालणारी जुनी गाडीही धापा टाकते. कारण हवा विरळ आणि पेट्रोल मात्र तेवढेच. श्रीनगरच्या वाटेने चढ हळूहळू अंगवळणी पडतो, हा तिचा आणखी एक गुण. लेहला पोचल्यावर दोन दिवस नुसते पडून राहायचे, अशी डॉक्टरांची सक्त ताकीद आहे. ती मी न कुरकुरता मान्य केली. आयुष्यात प्रथमच मला स्वस्थ पडून राहण्याचा सल्ला वैद्यकीय आधारावर मिळाला होता.

परतीच्या वाटेवर पेट्रोलचा प्रश्न. मनाली-लेह रस्त्यावर तांडी येथे एक पंप आहे, आणि पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर असल्याची तिथली पाटी वर्षानुवर्षे प्रवाशांत प्रसिद्ध आहे. मी उलट दिशेने येणार, म्हणजे लेह सोडतानाच टाकी काठोकाठ भरून, पाच लिटरचा डबा बरोबर बांधायचा. रोहतांगची चढण मात्र आता चुकते. २०२० च्या ऑक्टोबरात खुला झालेला नऊ किलोमीटरचा अटल बोगदा तिच्या पोटातून जातो.

गाडी माझी साडेतीनशे सी.सी.ची जुनी बुलेट. गेले सहा महिने दर रविवारी सकाळी मी आमच्या मिस्त्रीच्या गॅरेजात शिकाऊ उमेदवार म्हणून बसतो. क्लचची तार बदलणे, प्लग साफ करणे, ट्यूबला ठिगळ लावणे हे मला आता बऱ्यापैकी येते. मिस्त्री माझ्या मुलाच्या वयाचा आहे. पण तिथे तो गुरुजी आणि मी विद्यार्थी. सामानाची यादी त्याला दाखवली, तेव्हा त्याने मुकाट्याने पेन घेतले आणि निम्म्या ओळी खोडल्या. माझ्या कोणत्याही संपादकाने इतक्या निर्दयपणे आणि इतके योग्य काम केलेले नाही.

हे सगळे झाले तरी योजना पुरी झाली नव्हती, हे मला घरात कळले.

बेत सांगितल्यावर पत्नी आठवडाभर त्या विषयावर बोलली नाही. मग एके रात्री भांडी आवरता आवरता तिने विचारले, “विम्याचे कागद कुठे आहेत?” आवाजात राग नव्हता, रडे नव्हते. दूधवाल्याचा हिशेब विचारावा तसा तो प्रश्न होता. मी कपाटातून फाईल काढून दिली. तिने एकेक पान वाचले, वारसाच्या रकान्यातले स्वतःचे नाव पाहिले आणि फाईल मिटली. “जा तुम्ही,” ती म्हणाली. “मी अडवणार नाही. पण कुठल्या दिवशी तुम्ही कुठे आहात, ते मला ठाऊक पाहिजे.”

दुसऱ्याच दिवशी तिने स्वतः चौकशी करून माझा फोन प्रीपेडचा पोस्टपेड करून घेतला. आपल्याकडचे प्रीपेड क्रमांक जम्मू-काश्मीर आणि लडाखात चालत नाहीत, ही गोष्ट माझ्या चार वह्यांत कुठेही नव्हती. रोज संध्याकाळी अंधार पडण्यापूर्वी थांबायचे, हा नियम तिचा. जिथून फोन लागणार नाही अशा मुक्कामांवर तांबडी खूण करायची, हाही तिचाच. माझ्या नकाशात डोंगर, नद्या आणि खिंडी होत्या. तिच्या नकाशात फक्त फोन लागणारी गावे होती. खरे सांगायचे तर तिचा नकाशा माझ्यापेक्षा अचूक निघाला.

आईची हरकत एकाच मुक्कामाला होती. दिल्लीनंतर मी पानिपत लिहिले होते. “अरे बाप्पा, तिथे कशाला?” ती म्हणाली. “तिथे गेलेले आपले लोक परत आले नाहीत.” १७६१ ला अडीचशेहून अधिक वर्षे झाली, तिथे आता कापडाच्या गिरण्या आहेत, असे मी सांगून पाहिले. उपयोग झाला नाही. मुक्काम कर्नालला हलवला. वाटेत पाच मिनिटे थांबून काला अंबच्या स्मारकाला नमस्कार करण्याची मुभा तेवढी मिळाली.

तेव्हापासून मला ‘मेघदूत’ वेगळे दिसू लागले आहे. तो सगळा मार्ग कोणी आखला? ज्याला जायचे होते त्याने नव्हे. जो जाऊ शकत नव्हता त्याने. शापाचे चार महिने उरलेले, पाय रामगिरीला बांधलेले आणि मन एकेक नदी ओलांडत अलकेकडे चाललेले. वाटेचे असे वर्णन एका जागी बसून राहिलेला माणूसच करू जाणे. १८५७ साली वरसईचे विष्णुभट गोडसे पायी उत्तरेला निघाले आणि बंडाच्या धुमाळीत झाशीच्या वेढ्यात सापडले. त्यांचा ‘माझा प्रवास’ मी अनेकदा शिकवला. पण त्या काळात वरसईच्या घरी बसलेल्यांनी रोज संध्याकाळी कोणत्या गावाचे नाव घेऊन दिवा लावला असेल, असा विचार माझ्या मनात पूर्वी आला नव्हता. जाणाऱ्याला रस्ता दिसत असतो. त्याचे एक वेळ योजनेवाचून चालेल. योजना लागते ती मागे राहणाऱ्यांना.

यक्षाची पत्नी शापाचे उरलेले महिने उंबरठ्यावर फुले मांडून मोजते, असे उत्तरमेघात आहे. आमच्याकडे फुलांऐवजी कालनिर्णय आहे. या दिवाळीच्या बाजारात पुढच्या वर्षाचे आले, तसे आईने ते आणवले, चष्मा लावला आणि मला जवळ बसवून मे-जूनच्या चोवीस चौकटींत चोवीस नावे लिहून घेतली. सागर, झाशी, कर्नाल, घुमान, कारगिल. ‘खारदुंगला’ हे तिला तीनदा विचारावे लागले. सगळी नावे तिने पेन्सिलीने लिहिली. पुढेमागे एखादा दिवस सरकला तर खोडता यावीत म्हणून.

शेवटच्या चौकटीत ‘घरी’ एवढेच लिहायचे होते. ते मात्र तिने माझ्या खिशातले पेन मागून घेऊन शाईने लिहिले.