लाल खुणा, हिरव्या खुणा

गोंदिया, ८ ऑक्टोबर २०२५
टॅक्स ऑडिटची मुदत ३१ ऑक्टोबरपर्यंत वाढली, म्हणून राइस मिलचं काम आज निवांत उघडलं. नवं सॉफ्टवेअर एआयवर चालतं. बँकेच्या नोंदी जुळवणं, जीएसटीआर-२बी या जीएसटी विवरणात न आलेली बिलं शोधणं, सगळं झटपट. त्याबद्दल तक्रार नाही. धान खरेदीचं खातं मात्र त्याने लालेलाल करून ठेवलं. एका माणसाला एका दिवसात दहा हजारांवर रोख दिली की आयकराच्या कलम ४०ए(३) खाली खर्च नामंजूर. कलम बरोबरच आहे. पण शेतमालाचे पैसे थेट पिकवणाऱ्याला दिले तर नियम ६डीडी सूट देतो, आणि आमच्याकडे गिरणीच्या दारात बैलबंडी, ट्रॅक्टर घेऊन येणारा शेतकरी रोखच मागतो.

९ ऑक्टोबर
सॉफ्टवेअरला सुटीचा नियम सांगितला. सगळं पान हिरवं झालं! हे कालच्यापेक्षा वाईट. यादी घेऊन मुनीमजींकडे गेलो. एका नावावर त्यांनी बोट ठेवलं. “हा कुठचा शेतकरी, साहेब? कोचिया आहे तो. गावोगाव फिरून धान जमा करतो.” सूट पिकवणाऱ्याला, मधल्या व्यापाऱ्याला नाही. ती रक्कम टॅक्स ऑडिटच्या ३सीडी अहवालात दाखवावी लागणार. मालक नाराज होतील, होऊ देत.
भरडाईला आलेलं सरकारी धानही यंत्राने गिरणीच्या साठ्यात धरलं होतं. क्विंटलमागे ६७ किलो तांदूळ सरकारला परत द्यायचा असतो, धान गिरणीचं नव्हेच.

२१ ऑक्टोबर
लक्ष्मीपूजन. काम बंद.

३० ऑक्टोबर
मुदत पुन्हा वाढली, आता १० नोव्हेंबर. दुपारी केएमजी वायर्सचा निकाल वाचला. मुंबई उच्च न्यायालयाने ६ तारखेला आयकराचा करनिर्धारण आदेश रद्द करून प्रकरण परत पाठवलं, कारण आदेशात आधार म्हणून दिलेले तीन निवाडे अस्तित्वातच नव्हते. एआयच्या काळात यंत्रणेने दिलेलं पडताळल्याशिवाय वापरू नका, असं न्यायालयाने बजावलं. खरं तर निवाडा उघडून बघायला किती वेळ लागतो? आमचं कोचियाचं प्रकरण याच जातीचं, फक्त इथे विचारायला मुनीमजी होते. ते आणखी किती वर्षं गादीवर बसतील, हा प्रश्न मला यंत्रापेक्षा जास्त छळतो. त्यांना माहीत असलेलं कुठल्याच खात्यात लिहिलेलं नाही.

६ नोव्हेंबर
अहवालावर सही केली. यूडीआयएन, म्हणजे सीएच्या सहीचा ओळख क्रमांक, माझ्या सदस्यत्वावर निघतो, सॉफ्टवेअरच्या नाही. बाहेर कापणी जोरात आहे, नवं धान येऊ लागेल. गिरणीवाल्यांना एवढीच विनंती: रोख पावतीला शेतकऱ्याच्या सातबाराची झेरॉक्स जोडा आणि कोचियाचे पैसे बँकेतूनच द्या.