पायगुण

नवी सून घरात आली आणि आठ दिवसांत म्हैस आटली, तर म्हशीची चौकशी कोणी करत नसे. सुनेचा पायगुण वाईट, एवढ्यावर विषय मिटे. ही रीत आता मागे पडली असं आपण धरून चालतो. पण सुटे भाग आणून, हौसेनं असेंबल केलेला नवा कॉम्प्युटर टेबलावर आला आणि दर थोड्या वेळानं नेट जाऊ लागलं की ती रीत जशीच्या तशी परत येते. कालपर्यंत घरात सगळं ठीक होतं, आज एकच वस्तू नवी आहे, तेव्हा खोट तिच्यातच. मग ड्रायव्हर काढून पुन्हा टाकतात, विंडोज नव्यानं बसवतात, तरीही भागलं नाही तर मदरबोर्ड दुकानाची वाट धरतो. कावळा बसायला आणि फांदी तुटायला ही म्हण आपल्याला पाठ असते, पण कावळा नवा आणि महागाचा असला की ती ऐन वेळी आठवत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की तुटणारं कनेक्शन ही एका वस्तूची खोड समजून तपासायला बसूच नये. ते दोघांमधलं बिनसणं असतं. नवं यंत्र पुष्कळदा फक्त इतकंच करतं, की घराला आजवर कोणी न विचारलेला प्रश्न विचारतं.

भिंतीच्या कडेनं, दाराच्या फटीतून गेलेली ती करडी लॅन केबल पाहा. तिच्यात आठ तारा असतात, दोन-दोनना पीळ घालून केलेल्या चार जोड्या. शंभर मेगाबिटच्या जुन्या इथरनेटला त्यांतल्या दोनच जोड्या पुरत; बाकीच्या दोन नुसत्या सोबतीला. गिगाबिटला चारही लागतात, आणि प्रत्येक जोडीवरून येणं-जाणं एकाच वेळी चालतं. तिथे एका जोडीवरून सेकंदाला साडेबारा कोटी संकेत जातात. २०१६ साली प्रमाणित झालेल्या अडीच गिगाबिटमध्ये ते वीस कोटी होतात, आणि नव्या मदरबोर्डांवर हल्ली हे अडीच गिगाबिटचं पोर्ट सर्रास दिसतं. आता समजा, दारात चेपून चेपून त्या केबलची तिसरी जोडी कधीचीच अर्धवट तुटलेली आहे. केबल खोचल्याबरोबर दोन्ही टोकं आधी बोलणी करतात. तुला किती वेग झेपतो, मला किती, असं सांगून दोघांना जमेल तो सर्वांत मोठा वेग ठरतो. लग्नाच्या बैठकीत असतं तसंच. याद्या दोन्हीकडची वडीलधारी करतात, जिनं भार वाहायचा तिला कोणी विचारत नाही. आणि ही बोलणी चालतात तीही जुन्या इथरनेटच्या त्या दोन धडधाकट जोड्यांवरूनच! ठराव मोठ्या वेगाचा होतो, चारही जोड्यांवर ओझं पडतं, तिसरी दगा देते, लिंक तुटते. पुन्हा बोलणी, पुन्हा तोच ठराव. पोर्टवरचा दिवा विझतो, लागतो, विझतो.

यावर हमखास येणारा आक्षेप म्हणजे, याच केबलवर जुना कॉम्प्युटर वर्षानुवर्षं चालला त्याचं काय? चालला, कारण त्यानं तिच्याकडे फारसं काही मागितलंच नाही. शंभर मेगाबिटवर समाधानी असलेल्याला तिसरी जोडी तुटल्याची खबर लागण्याचं कारण नव्हतं. शिवाय टीसीपी नावाचा नियम मोठा सोशिक आहे. वाटेत हरवलेलं पॅकेट तो गुपचूप पुन्हा पाठवतो, आणि वाचणाऱ्याला पान जरा उशिरा उघडल्यासारखं वाटतं, इतकंच. ईमेल आणि बातम्यांच्या आयुष्यात असे खळगे बेमालूम बुजत. नवं यंत्र येतं ते बहुधा खेळासाठी, व्हिडिओ कॉलसाठी. तिथे हरवलेलं पॅकेट पुन्हा मागवण्यात अर्थ नसतो, कारण तो क्षण निघून गेलेला असतो. दोष जुनाच होता, झाकणारा हात तेवढा निघाला.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. नवा भाग खरोखरच सदोष असतो की! असतो. इंटेलची आय-२२५-व्ही ही अडीच गिगाबिटची नेटवर्क चिप २०२०च्या सुमारास याच कारणानं गाजली. इथरनेटच्या दोन पॅकेटांमध्ये किमान शहाण्णव बिटांएवढी मोकळी जागा ठेवायचा दंडक आहे. ऐकणाऱ्याला पुढच्यासाठी सावरता यावं म्हणून. या चिपच्या सुरुवातीच्या आवृत्त्या ते अंतर नीट पाळत नसत. चूक शब्दांत नव्हती, दोन शब्दांमधल्या शांततेत होती. मला या तपशिलाचं फार अप्रूप वाटतं. १९७३ साली झेरॉक्सच्या प्रयोगशाळेत बॉब मेटकाफ यांनी या जाळ्याला नाव दिलं तेही ईथरवरून, म्हणजे मायकेलसन आणि मोर्ली यांना १८८७ साली शोधूनही न सापडलेल्या त्या सर्वव्यापी माध्यमावरून. आपल्याकडे वैशेषिकांनी शब्द हा आकाशाचाच गुण मानला. रितेपण नीट नसेल तर बोलणंही नीट होत नाही, असं ती चिप नकळत सांगून गेली. पण आक्षेपाचं उत्तरही याच प्रकरणात आहे. ती चिप सगळीकडे अडत नव्हती. काही राउटर आणि स्विचच त्या तोकड्या अंतरानं गडबडत. सुधारित आवृत्ती येईपर्यंतचा तात्पुरता उपाय होता वेग एका गिगाबिटवर आणण्याचा. म्हणजे दोष चिपचा खराच, तरी तो उघडा पडला समोरचं टोक कोण आहे यावर. नुसती चिप हातात धरून तो दिसला नसता.

वाय-फायवाल्यांचं प्रकरण लवकर आटपण्यासारखं आहे. अँटेना खोक्यातच राहिलेले असतात, किंवा यूएसबी ३ची ड्राइव्ह अगदी शेजारी खोचलेली असते आणि तिचा गोंगाट २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात सांडतो. आधी तेवढं पाहून घ्यावं.

राहता राहिला व्यवहारी माणसाचा आक्षेप, की एवढा पंचनामा करायला वेळ कुणाला आहे, सगळं एकदम बदलून टाकलं की झालं. पण पाच गोष्टी एकदम बदलल्या आणि नेट सुधारलं, तर कशानं सुधारलं ते कळत नाही. नाही सुधारलं, तर संशयित पाचाचे दहा होतात. त्यापेक्षा पुरावा गोळा करणं स्वस्त पडतं. माइक म्यूस यांनी १९८३च्या डिसेंबरात लिहिलेला ‘पिंग’ हा चिमुकला प्रोग्रॅम आजही त्यासाठी पुरतो. पाणबुडीच्या सोनारसारखी हाक मारायची आणि प्रतिसादाला कान द्यायचा. दोन खिडक्या उघडाव्यात. एकीतून घरच्या राउटरला हाक, दुसरीतून बाहेरच्या एखाद्या पत्त्याला. बाहेरचा गप्प झाला आणि राउटर मात्र ओ देत राहिला, तर नवा कॉम्प्युटर आणि त्याची केबल निर्दोष सुटली. दोघेही गप्प झाले, तर भानगड उंबरठ्याच्या आत आहे. मग वेळा पाहाव्यात. तुटणं घड्याळाच्या काट्यावर होत असेल, तर राउटरनं मुदतीवर दिलेल्या पत्त्याच्या नूतनीकरणाकडे बोट जातं. यंत्र निवांत असतानाच तुटत असेल, तर वीज वाचवण्यासाठी डुलकी घेणाऱ्या इथरनेटच्या सोयीकडे. ती ड्रायव्हरच्या सेटिंगमधून बंद करून पाहता येते. दार लावलं की तुटत असेल, तर पुढे काही सांगायलाच नको.

तेव्हा सुरुवात केबलपासून करा. धड असलेली दुसरी लावा, एक रात्र पिंग चालू ठेवा, तुटल्याच्या वेळा कागदावर लिहा. आणि मदरबोर्डाचं खोकं तोवर रद्दीत देऊ नका.