दुसरा ठसा टाकू नकोस

चि. सोनूस,


माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’ कादंबरीसाठी चित्रं करायला घेतलीस हे वाचून फार आनंद झाला. फोटोतली कारभाऱ्याची रेखाटनं चांगलीच आहेत. पण माझी नजर टेबलाच्या कडेला पडलेल्या त्या फिकट कागदावर खिळली. तो ठसा वाया गेला, असं तू लिहिलंस. मला तोच हवा आहे.

असं करून बघ. काचेवर रोलरने शाईचा पातळ थर दे, त्यावर वर्तमानपत्रातून कापलेल्या मेंढ्या ठेव, वर कागद अंथरून चमच्याच्या पाठीने घास. पहिल्या ठशात काळ्या माळावर पांढरा कळप उमटेल. आता चिमट्याने एकेक मेंढी अलगद उचल. आजूबाजूची शाई कागदाने ओढून घेतलेली असते, मेंढ्यांखालची मात्र तशीच भरीव असते. काचेला पुन्हा शाई न लावता नवा कागद ठेव. माळ करडा, विरलेला येईल आणि मेंढ्या काळ्या, सावल्यांसारख्या. तिसऱ्या ठशात दोन्ही ओसरतील.

माडगूळकरांच्या गोष्टीत तरी दुसरं काय होतं? भरलेली वाडी, मग दुष्काळ. मेंढरं मरतात, माणसं जगायला बाहेर पडतात, गाव ओस पडतं. प्रसंगांची चित्रं कुणीही काढील. इथे छापण्याची रीतच गोष्ट सांगते आहे, आणि ही संधी सोडू नये असं मला मनापासून वाटतं.

चित्रकार देगा हेच करायचा. पहिल्यानंतरचा फिकट ठसा काढून त्यावर तो पेस्टल चढवायचा. लुदोविक अलेव्हीच्या कथांसाठी त्याने अशी मोनोटाइप, म्हणजे शाई लावलेल्या पाट्यावरून काढलेली छापचित्रं, केली, पण ती कथांसोबत पुस्तकात आली थेट 1938 साली, दोघेही गेल्यावर. कापलेल्या आकारांचं, म्हणजे स्टेन्सिलचं म्हणशील तर जपानच्या सेरिझावा केइसुकेचा ‘डॉन किहोते’ शोधून बघ. कापड छापायच्या कागदी साच्यांची परंपरा त्याच्या हातात होती. एका अमेरिकन संग्राहकाने काम सांगितलं आणि त्याने स्पेनच्या त्या सरदाराला सरळ सामुराई करून टाकलं! साच्याला बारीक छटा जमत नाहीत. आकार ठाम लागतो. म्हणून तर ती पानं इतकी निःशंक दिसतात.

मुखपृष्ठाची अक्षरं काचेवरून छापू नकोस, उलटी येतील. जुन्या एक्स-रे फिल्मवर कापून थेट कागदावर स्पंजने शाई टिप. ‘ब’ आणि ‘व’ची पोटं कापताना गळून पडतात, तेव्हा प्रत्येक पोटाला एक बारीक पट्टी जोडलेली ठेव. ती पट्टी नंतर रंगाने बुजवू नकोस, कापल्याची खूण राहू दे. शाई पाण्यातली असेल तर या उन्हाळ्यात दुसऱ्या ठशाआधीच वाळेल. कागद आधी ओलसर करून ठेव, नाहीतर तेलाची शाई घे.

आणि तिन्ही ठसे एका पानावर शेजारी शेजारी लावू नकोस. पहिला मास्तर वाडीत येतो तिथे, दुसरा पाऊस दडी मारतो तिथे, तिसरा अगदी शेवटी. मधली पानं कोरी सोडलीस तरी चालेल. कच्ची प्रत बांधून झाली की आधी मला पाठव.

तुझी,
मावशी