संदकफूच्या वाटेवरील जुन्या गाड्या

दार्जिलिंगच्या डोंगरात मानेभंज्यांगला गेलात, तर तेथील जुन्या लँड रोव्हर गाड्या अवश्य पाहा. १९५० नंतरच्या दशकातील या गाड्यांनी ३,६३६ मीटर उंचीच्या संदकफूपर्यंत कितीतरी प्रवासी नेले. त्यांच्या पत्र्याला लोखंडासारखा गंज चढत नाही, कारण तो ॲल्युमिनियमचा. परंतु मूळचे पेट्रोल इंजिन चढणीने थकले आणि सुटे भाग दुर्मिळ झाले. तेव्हा स्थानिक कारागिरांनी त्यात देशी जीपचे डिझेल इंजिन बसविले. त्यासाठी इंजिनाचे आधार नव्याने जोडावे लागतात, गिअरबॉक्सशी मेळ जुळवावा लागतो. गाडीचे काळीज बदलते; पण त्यामुळेच चालकाच्या घरची चूल पेटती राहते.