धुराला आडोसा

आमच्या नाचणगावात मृगाच्या आधी वेल्डिंगच्या दुकानांना उसंत नसते. डवऱ्याची पाती, ट्रॉलीचे फाळके, फाटकं, खिडक्यांच्या जाळ्या, सगळं एकाच वेळी येऊन पडतं. माझ्याकडे दहावीपर्यंत शिकलेला एक मुलगा अशाच एका दुकानात कामाला आहे. वर्गात उर्दूचं सर्वांत सुंदर अक्षर त्याचं होतं. यंदा रमजानमध्ये तरावीहला तो माझ्या शेजारी उभा राहायचा, आणि रुकूत वाकला की त्याला खोकल्याची उबळ यायची.

दुकान म्हणजे पत्र्याची शेड, दार एकच. एका कोपऱ्यात ग्राइंडर, दुसऱ्यात वेल्डिंग. मालकाने एक मोठा पंखा लावला होता. पण पंखा धूर घालवत नाही, एकाच्या तोंडावरचा दुसऱ्याच्या तोंडावर नेऊन सोडतो. वर मालक म्हणे, "सर, आम्ही रोज गूळ खातो ना!" गूळ पोटात जातो, धूर छातीत. दोघांची गाठ पडत नाही.

ही भीती उगाच नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१७ मध्ये वेल्डिंगचा धूर माणसाला निश्चित कर्करोग करणाऱ्या गोष्टींच्या गटात टाकला. जस्ताचा मुलामा असलेला जीआय पाइप जोडला की रात्री थंडी वाजून ताप भरतो, हे तर प्रत्येक कारागिराला ठाऊक आहे.

उपायही नवा नाही. १९४८ च्या कारखाना कायद्यातलं कलम १४ सांगत होतं की धूळ आणि धूर जिथे निर्माण होतो, त्याच्या शक्य तितक्या जवळ तो ओढून घ्यावा आणि ती जागा होईल तितकी बंदिस्त करावी. पण दोन-तीन माणसांची दुकानं या कायद्यात बसत नव्हती. छाती मात्र तीच असते.

मालक आधी हसला. "सर, काम करायचं की खोल्याच बांधायच्या?" मग दोन शुक्रवार दुकान बंद असताना त्या मुलानेच आडोसा उभा केला. टेबलाच्या तीन बाजूंना आणि वर पत्रा, पुढची बाजू उघडी. मागच्या पत्र्याला टेबलाच्या उंचीवर लांब फट, फटीला पाइप, पाइपला भंगारातून आणलेला ब्लोअर. तोंड मागे, डोक्यावर नाही, कारण वरून ओढलं तर धूर नाकासमोरूनच वर जातो. आडोसा नसता तर ब्लोअरने चारी बाजूंची हवा ओढली असती आणि हातभर लांबचा धूर तिथेच राहिला असता. ग्राइंडरला वेगळा आडोसा केला. त्याच्या ठिणग्या पाइपात जाऊ नयेत म्हणून खाली लोखंडी पेटी ठेवली. ती रोज रिकामी करायची. पडद्याला गोणपाट अजिबात नाही, एका ठिणगीत पेटेल. बाहेरचा पाइप छपराच्या वर नेला, नाहीतर आपला धूर शेजाऱ्याच्या स्वयंपाकघरात.

तोंडाला रुमाल बांध म्हटलं की सगळी जबाबदारी पोरावर येते. आडोसा केला की ती दुकानाची होते. मला यातलं हेच महत्त्वाचं वाटतं.

त्याची मापं त्या मुलाने एका कागदावर मराठीत आणि उर्दूत लिहून भिंतीवर चिकटवली आहेत. परवा शेजारचा दुकानदार त्याचा फोटो काढून घेऊन गेला.